रायफलीआधी काडतूस : पायदळाची रायफल निवडणाऱ्या समितीस खुले पत्र

प्रति,
पायदळाच्या नव्या प्रमाण रायफलीची निवड करणाऱ्या समितीचे सन्माननीय सदस्य

विषय : रायफलीच्या निवडीपूर्वी काडतूस, मॅगझीन आणि चाचणीच्या अटी निश्चित करण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

हे पत्र कोणा एका देशाच्या समितीला उद्देशून लिहिलेले नाही. पायदळाची रायफल बदलण्याची वेळ बहुतेक सैन्यांवर तीस-चाळीस वर्षांतून एकदा येते, त्यामुळे हे काम ज्यांच्याकडे सोपवले जाते त्यांतील जवळजवळ प्रत्येक जण ते आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचे करत असतो. मागच्या खेपेला चुकलेली माणसे तोवर निवृत्त झालेली असतात. अशा कामात दुसऱ्या सैन्यांच्या चुका हाच काय तो हाताशी असलेला अनुभव, आणि तो भरपूर उपलब्ध आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. गेल्या शंभर वर्षांत ज्या रायफली बदनाम झाल्या, त्यांतील बहुतेकींची मूळ रचना टाकाऊ नव्हती. त्या फसल्या त्या त्यांच्या भोवतालच्या गोष्टींमुळे : चाचणीत वापरलेले काडतूस वेगळे आणि प्रत्यक्ष पुरवलेले वेगळे होते, काडतुसे भरायच्या मॅगझीनकडे कोणी गांभीर्याने पाहिले नव्हते, नळी तापल्यावर काय होईल हा प्रश्न कागदावर आलाच नव्हता. आपल्या बैठकांत मात्र बहुधा वाद रंगेल तो अमुक कंपनीची चांगली की तमुक कंपनीची, यावर. तो वाद शेवटी ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैनिकांकडे रॉस ही रायफल होती. नेमबाजीच्या मैदानावर तिने नाव कमावले होते आणि अचूकतेबाबत तिच्याविषयी आजही कोणी वाईट बोलत नाही. परंतु एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्रच्या दुसऱ्या लढाईत, खंदकातील चिखलात, ब्रिटिश बनावटीची काडतुसे तिच्या घट्ट चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत, अडकू लागली आणि ती जागा बंद करणारा बोल्ट उघडण्यासाठी सैनिकांना बुटाच्या टाचेने लाथा मारण्याची वेळ आली. हजाराहून अधिक सैनिकांनी आपली रॉस टाकून देऊन पडलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एनफील्ड उचलल्या, आणि १९१६ मध्ये कॅनडाच्या सैन्याने अधिकृतपणेही तेच केले. गंमत अशी की निवडक नेमबाजांनी त्यानंतरही रॉस आवडीने वापरली. चांगली रायफल आणि पायदळाची रायफल या दोन गोष्टी एकच असतात असे नाही, हे ज्याला पटवायचे असेल त्याला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

दुसरे उदाहरण आपल्याला ठाऊक असेलच, पण त्यातील नेमका तपशील सांगितला जात नाही, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. अमेरिकेची एम-१६ व्हिएतनाममध्ये अडकत असे, एवढे सर्वांना माहीत असते. यूजीन स्टोनर यांनी आखलेली ही रायफल ज्या दारूच्या काडतुसांवर विकसित झाली, ती दारू बारीक कांड्यांच्या रूपातली होती. सैन्याने गोळीच्या वेगाची जी अट घातली, ती दाबाच्या मर्यादेत राहून मोठ्या उत्पादनात सातत्याने पाळणे या दारूला जमेना, म्हणून गोल कणांची दुसरी दारू स्वीकारण्यात आली. गोळीचा वेग जुळला, पण नळीच्या मधल्या छिद्रातून रायफलीच्या यंत्रणेकडे जाणाऱ्या वायूचा दाब वाढला. यंत्रणा ठरल्यापेक्षा वेगाने धावू लागली आणि वायूच्या नळीत व चेंबरच्या आसपास थर साचू लागला. चेंबरला क्रोमियमचा मुलामा नव्हता, त्यामुळे दमट हवेत तिथे गंज धरत असे आणि रिकामी पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकडीखाली तिची कड फाटून येई. त्यावर कडी म्हणजे या रायफलीला फारशी साफसफाई लागत नाही असा समज पसरलेला होता आणि सफाईचे साहित्य पुरेसे पाठवलेलेच नव्हते.

आपण लक्ष द्यावे अशी गोष्ट यापुढची आहे. नव्या दारूच्या काडतुसांनी माऱ्याचा वेग मर्यादेबाहेर जात असल्यामुळे कारखान्यातून रायफली स्वीकारण्याची चाचणी जुन्या दारूच्या काडतुसांनी करण्याची मुभा देण्यात आली. म्हणजे ज्या काडतुसावर रायफल उत्तीर्ण होत होती, ते काडतूस सैनिकाला मिळत नव्हते, आणि सैनिकाला जे मिळत होते त्यावर ती उत्तीर्ण होत नव्हती. हे सर्व संबंधितांना ठाऊक असूनही वर्षे निघून गेली. १९६७ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीने, जिचे अध्यक्ष रिचर्ड आयकॉर्ड होते, या दिरंगाईला जवळजवळ गुन्ह्याच्या पातळीवरचा निष्काळजीपणा म्हटले. नंतर चेंबरला मुलामा आला, दारूत सुधारणा झाली, सफाईचे साहित्य आणि प्रशिक्षण पोहोचले, आणि हीच रायफल तिच्या सुधारित रूपांत अर्ध्या शतकाहून अधिक काळ सेवेत राहिली. रचना मुळातून बदलावी लागली नाही, यातच दोष कुठे होता ते आले.

म्हणून काडतुसाचा प्रश्न आधी. पायदळाचा सैनिक किती अंतरावर गोळी झाडतो आणि किती अंतरावर ती लागते, याचा प्रामाणिक हिशेब मांडल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही. १९५२ मध्ये अमेरिकी सैन्यासाठी काम करणारे नॉर्मन हिचमन यांनी तो मांडला होता. रायफलीचा परिणामकारक वापर बहुतांशी ३०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे २७५ मीटरच्या आत होतो आणि १०० यार्डांपुढे सामान्य सैनिकाचा नेम झपाट्याने ढासळतो, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याआधी जर्मनीने ७.९२×३३ (गोळीचा व्यास आणि पुंगळीची लांबी, मिलिमीटरमध्ये) आणि सोव्हिएत संघाने ७.६२×३९ अशी मध्यम ताकदीची काडतुसे काढली होती, ती याच जाणिवेतून. ब्रिटननेही १९५१ मध्ये मध्यम ताकदीच्या .२८० काडतुसाची ईएम-२ ही रायफल स्वीकारल्याचे जाहीर केले होते. परंतु अमेरिकेचा आग्रह पूर्ण ताकदीच्या काडतुसाचा होता. ब्रिटनमधील सरकार बदलल्यावर ईएम-२ मागे पडली आणि ७.६२×५१ हे नाटोचे प्रमाण काडतूस ठरले. मग ज्या अमेरिकेने मोठ्या काडतुसासाठी मित्रदेशांना नमवले, तिनेच दहा-बारा वर्षांत त्याहून कितीतरी लहान ५.५६×४५ कडे उडी मारली. मित्रदेशांची त्या वेळची मनःस्थिती काय असेल, याची कल्पना आपण करू शकता.

मोठे की लहान, याचे उत्तर मी देणार नाही. ते भूप्रदेशावर, प्रतिपक्षाच्या चिलखतावर आणि मशीनगन व तोफखान्याकडून मिळणाऱ्या साहाय्यावर अवलंबून आहे. पण वजनाचा हिशेब कोणालाही चुकत नाही. ५.५६ चे एक काडतूस सुमारे १२ ग्रॅमचे आणि ७.६२×५१ चे सुमारे २४ ग्रॅमचे असते. २१० काडतुसांचा भार एका बाबतीत अडीच किलो, तर दुसऱ्या बाबतीत पाच किलो होतो, तोही मॅगझीनचे वजन न धरता. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्याने चिलखत भेदण्याच्या विचाराने ६.८×५१ चे काडतूस आणि त्यासाठीची नवी रायफल निवडली, तेव्हा सैनिकाजवळची नेहमीची काडतुसे २१० वरून १४० वर आली, कारण तीसच्या सात मॅगझीनऐवजी विसाची सात मॅगझीन मिळू लागली. हा सौदा फायद्याचा की तोट्याचा, याविषयी दोन्ही बाजूंनी शहाणी माणसे वाद घालत आहेत. मात्र तो सौदा आहे, हे तरी मसुद्यात स्पष्ट लिहिले गेले पाहिजे. ‘अधिक भेदक, अधिक अचूक आणि अधिक हलकी’ असे एका दमात लिहिणारा मसुदा मी पाहिला, की तो लिहिणाऱ्याने काडतुसांची पेटी कधी उचलली नसावी अशी शंका मला येते.

गरजांच्या मसुद्यात एखादी गोष्ट लिहायची राहिली तर काय होते, हे जर्मनीच्या जी-३६ ने दाखवले. १९९० च्या दशकात स्वीकारलेली ही रायफल हलकी होती, सैनिकांना आवडत होती. पुढे अफगाणिस्तानातील चकमकींनंतर, सलग माऱ्याने आणि बाहेरच्या उष्णतेने तापली की तिची अचूकता घसरते, अशी चर्चा सुरू झाली. तपासण्या झाल्या आणि २०१५ मध्ये तेव्हाच्या संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायन यांनी या रायफलीला सध्याच्या रूपात सैन्यात भवितव्य नाही असे जाहीर केले. सरकारने उत्पादक कंपनीकडे भरपाई मागितली. २०१६ मध्ये कोब्लेंझच्या न्यायालयाने ती मागणी फेटाळली, कारण करारात जे गुण ठरले होते ते या रायफलीत होते. या प्रकरणाच्या चौकशीत रायफलीच्या दोषामुळे एकही जर्मन सैनिक दगावल्याचे आढळले नाही, हेही नमूद करायला हवे. पण माझा मुद्दा न्यायालयाच्या निकालाशी आहे. खरेदीदाराने जे मागितले तेच त्याला मिळाले होते. किती मिनिटांत किती फैरी, बाहेरचे तापमान किती, त्यानंतर किती अंतरावर गोळ्यांचा पसारा किती असावा, हे आकडे स्वीकारण्याच्या अटींत नसतील, तर पुढे तक्रार करण्याचा अधिकारही उरत नाही.

याच्या उलट टोकाला, मसुद्यात नको तितके लिहिण्याची हौस असते. अमेरिकेने १९८६ मध्ये अशा रायफलीचा शोध सुरू केला की जिच्यामुळे तेव्हाच्या एम-१६ए२ पेक्षा गोळी लागण्याची शक्यता दुपटीने वाढेल. पुंगळीविना काडतुसे, गोळीऐवजी बारीक बाण, असे अनेक प्रयोग पुढे आले. १९९० पर्यंत चाचण्या आटोपल्या आणि एकही नमुना ती अट पुरी करू शकला नाही. भारतीय सैन्याने २०११ मध्ये निविदा काढली ती नळी बदलून ५.५६×४५ आणि ७.६२×३९ अशा दोन काडतुसांवर चालू शकेल अशा रायफलीची. चार वर्षांनी, २०१५ मध्ये, एकही रायफल चाचण्यांत टिकली नाही म्हणून ती निविदा रद्द झाली. त्यानंतर २०१९ मध्ये ७.६२×५१ च्या सुमारे ७२ हजार सिग-७१६ आणि २०२१ मध्ये ७.६२×३९ च्या सहा लाखांवर एके-२०३ यांचे करार झाले, तर ५.५६ ची भारतीय बनावटीची इन्सास रायफल अजून मोठ्या संख्येने वापरात होती. एका रायफलीत दोन काडतुसे बसवण्याच्या प्रयत्नातून निघालेली वाट तीन काडतुसांच्या पुरवठ्यापाशी पोहोचली. पुरवठा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला आपल्या समितीत मताधिकारासह जागा असावी, असे मला वाटते ते यामुळेच.

आता चाचणीविषयी. चाचणीतून आलेल्या आकड्याला आपण देववाणी समजू नये. २००७ मध्ये अमेरिकेत अॅबरडीन येथे चार प्रकारच्या कार्बाइन, म्हणजे आखूड नळीच्या रायफली, बारीक धुळीत चालवून पाहिल्या गेल्या. प्रत्येक प्रकारच्या दहा रायफली आणि साठ हजार फैरी होत्या. सेवेतील एम-४ ८८२ वेळा अडकली, तर उरलेल्या तिन्ही नमुन्यांचे आकडे १२७ ते २३३ यांच्या दरम्यान राहिले. निकाल स्पष्ट वाटतो. पण त्याच वर्षी उन्हाळ्यात, तशाच पद्धतीच्या आधीच्या चाचणीत, हीच एम-४ सुमारे ३०० वेळा अडकली होती. तेच शस्त्र, तेवढ्याच फैरी, आणि आकड्यांत जवळजवळ तिपटीचा फरक. धूळ कशी पडली, वंगण किती दिले, मॅगझीन नवी की वापरलेली, अशा लहानसहान गोष्टींनी एवढा फरक पडू शकत असेल, तर एकाच फेरीच्या बळावर लाखो रायफलींचा करार करणे धाडसाचे ठरेल. चाचणी किमान दोनदा, वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या माणसांकडून व्हावी, आणि दोन्ही वेळा सध्याची जुनी रायफलही रांगेत असावी. ती नसेल तर नवीचा आकडा कशाशी ताडून पाहणार?

ही माणसे कोण असावीत? निवडक नेमबाज आणि विशेष दलांचे जवान नकोत, किंवा केवळ तेच नकोत. त्यांच्या हातात कोणतीही रायफल बरी चालते आणि बिघाड झाला तर तो त्यांना क्षणात दूर करता येतो. सहा महिन्यांपूर्वी भरती झालेला, अठरा तास न झोपलेला, हातमोजे घातलेला, बुटक्या चणीचा किंवा डावखुरा सैनिक हा आपला खरा परीक्षक आहे. ब्रिटनच्या एसए-८० रायफलीत मॅगझीन चापाच्या मागे असल्यामुळे रिकामी पुंगळी डाव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याच्या तोंडाशी येते, आणि डावखुऱ्यांनाही ती उजव्याच खांद्यावरून चालवावी लागते. भिंतीच्या कोणत्या कडेआडून गोळी झाडायची, हे शत्रू आपल्या सोयीने ठरवत नसतो.

एसए-८० चे नाव निघालेच आहे, तर मॅगझीन आणि कारखाना यांविषयीही सांगतो. १९८५ मध्ये सेवेत आलेल्या या रायफलीची मॅगझीन सोडवण्याची कळ सुरुवातीला इतकी उघडी होती की अंगावरच्या पट्ट्यांना घासून मॅगझीन चालता चालता गळून पडे. वाळूत ती अडकत असे आणि तिचे काही प्लास्टिकचे भाग कीटक पळवण्याच्या औषधाने खराब होत. ज्या काळात ती घडवली जात होती, त्याच काळात एनफील्डचा जुना सरकारी कारखाना खासगी होऊन १९८८ मध्ये बंद झाला. ज्यांना नोकरीची शाश्वती नाही अशा कारागिरांनी नव्या शस्त्रातील बारीकसारीक उणिवा शोधत बसावे, ही अपेक्षाच चूक होती. शेवटी २००० नंतर सुमारे दोन लाख रायफली एका जर्मन कंपनीकडून दुरुस्त करून घेण्यात आल्या आणि त्यासाठी ९ कोटी २० लाख पौंड लागले. दुरुस्तीनंतर ती भरवशाची ठरली, हेही खरे. कारगिलच्या थंडीत १९९९ मध्ये इन्सासच्या प्लास्टिकच्या मॅगझीनना तडे गेले, ती गोष्टही याच जातीची. मॅगझीन हा रायफलीचा सर्वांत स्वस्त भाग, त्यामुळे कोणीही धडपणे त्याची चाचणी घेत नाही, आणि अडकण्याच्या घटनांत वरचेवर त्याचाच हात निघतो. रायफलीइतकीच कठोर चाचणी मॅगझीनची घ्या : भरलेली ठेवून, उंचावरून आपटून, गोठवून, तापवून.

किंमत, बाह्य रूप, दुर्बिणीसाठीची पट्टी, आवाज दाबण्याची सोय, यांवर मी शब्द खर्च करत नाही. आजच्या बाजारातील कोणतीही नामांकित रायफल या बाबतीत उणी पडत नाही, आणि दुर्बीण व प्रशिक्षणाचा सराव यांवर खर्च केलेला पैसा नेम सुधारण्यासाठी नव्या रायफलीपेक्षा बहुधा जास्त उपयोगी पडतो. समितीने हे वाक्य अर्थखात्याला दाखवले तर माझी हरकत नाही.

माझ्या मागण्या तीन आहेत. काडतूस आणि त्यातील दारू आधी निश्चित व्हावी, आणि चाचणी, स्वीकार व पुरवठा या तिन्ही टप्प्यांवर तीच राहावी. करारानंतर दारू, नळीचा मुलामा, मॅगझीनचे साहित्य किंवा कारखाना यांपैकी काहीही बदलले, तर बदलापुरती नव्हे, पूर्ण चाचणी पुन्हा व्हावी आणि तिच्या अहवालावर बदलाला मान्यता देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व सही असावी. पहिल्या दहा हजार रायफली सैनिकांच्या हाती पडल्यावर एक वर्ष थांबून, त्यांच्या तक्रारी मधल्या साखळीतून गाळल्या न जाता थेट समितीपुढे याव्यात, आणि तोवर समिती विसर्जित होऊ नये.

यांतील पहिली मागणी पाळली गेली की नाही, हे बाहेरच्या माणसाला एकाच मार्गाने कळू शकते. आपण निवड जाहीर कराल त्या दिवशी रायफलीच्या नावाशेजारी, चाचणीत वापरलेल्या काडतुसाचे आणि त्यातील दारूचे नावही जाहीर करावे, ही विनंती.

आपला नम्र,
पायदळाच्या शस्त्रांच्या इतिहासाचा एक वाचक